घरात माणसं किती?

टेक्ससमध्ये गावाच्या हद्दीवर हिरवी पाटी असते. वर गावाचं नाव, खाली लोकसंख्या. ती पाटी कोणी वाचतं का? आमच्या सासूबाई वाचतात. नुसत्या वाचत नाहीत, मोठ्यांदा वाचतात आणि वर शेरा मारतात. "आकडा जुना आहे गं विनीता. मागच्या महिन्यात आपणच इथे तीन बारशी केली. ती कुठे धरलीत यांनी?" मी बिचारी हायवेवरून एक्झिट घेत असते, मागून पिकअप ट्रकवाला अंगावर येत असतो, आणि यांना तेवढ्यात फ्रिस्कोची पाटी दुरुस्त करून हवी असते.

मी नागपूरची, माझ्या तोंडाला कुलूप नाही. सासूबाई सांगलीकडच्या, त्यांच्या तोंडाला तर दारच नाही. त्यामुळे आमच्या प्लेनोच्या घरात शांतता असते ती फक्त दोघींपैकी एक झोपलेली असताना. निमिष, म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा मुलगा, मूग गिळून गप्प बसायला फार लवकर शिकला. तरी सांगते, या बाईसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. हे त्यांच्या तोंडावर मात्र कधी म्हणायची नाही मी. डोक्यावर बसतील.

शुभा त्यांचं नाव. विट्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं त्यांनी. मास्तरकी म्हटली की जनगणनेची ड्यूटी आलीच. खांद्याला पिशवी अडकवून त्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, भुंकणारी कुत्री अंगावर घ्यायच्या आणि प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून विचारायच्या, "घरात माणसं किती?" बाकीचे मास्तर या कामाच्या नावाने बोटं मोडायचे. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मात्र ते मनापासून आवडायचं. त्या सांगतात, आकडा कोणी नुसता सांगत नाही. एखादी म्हणते, "चौघं आहोत, थोरला पुण्याला असतो, पण धरा त्याला." एखादा म्हातारा म्हणतो, "दोघं. तिसरं होतं." मग बाई पाणी आणते, खाली सतरंजी पडते आणि सगळं घर बोलायला लागतं.

माझे सासरे, मनोहर, गेल्यानंतर या पुण्याला जाऊन पौरोहित्य शिकल्या. बायकांना पूजा सांगायला शिकवतात तिथे. गावातल्या चार बायांनी नाकं मुरडली. "मुरडू देत, नाकं त्यांची आहेत," असं म्हणून या पोथ्या बॅगेत भरून आमच्याकडे आल्या आणि बघता बघता प्लेनो-फ्रिस्कोच्या भटजीबाई झाल्या. सुरुवातीला एका काकांनी भर पूजेत विचारलं होतं, "बाई सांगणार पूजा?" आई म्हणाल्या, "हो. चुकले तर सांगा." ते काका अजून चूक सापडायची वाट बघताहेत.

आता काय, इथे आज कुरण दिसतं तिथे पुढच्या वर्षी कॉलनी उभी राहते. कॉलनी आली की वास्तुशांत आली, वास्तुशांत झाली की डोहाळजेवण, मग बारसं, मग मुंज. आई ड्राइव्ह करत नाहीत. म्हणजे शनिवार-रविवार माझा, गाडी माझी आणि यजमानांच्या घरची पुरणपोळी त्यांची! दारात गेल्या की चप्पल काढायच्या आधी यांचा प्रश्न तयार. "घरात माणसं किती?" माझी मुलगी केया एकदा म्हणाली, "आजी, दॅट्स काइंड ऑफ अ प्रायव्हेट क्वेश्चन." आई म्हणाल्या, "प्रायव्हेट? मग बारशाला दोनशे माणसं कशाला बोलावलीत यांनी?"

तर सांगायची गोष्ट आसावरीची.

आसावरी आणि तिचा नवरा शंतनू आमच्या मागच्याच रस्त्यावर भाड्याने राहायचे. ती माझ्या नागपूरची, धरमपेठेतली. तिकडे चांगली फिजिओथेरपिस्ट होती, इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि घरात बसली. आईंच्या गुडघ्याला व्यायाम द्यायला म्हणून यायची आणि दोन वाट्या कढी पिऊन जायची. हळूहळू घरातलीच झाली. मला ताई म्हणते, आईंना काकू. माझ्यापेक्षा आईंचं तिच्याशी जास्त पटायचं. मला राग यायचा, पण खरं ते खरं.

मग एका शुक्रवारी शंतनूची नोकरी गेली. त्याच्या व्हिसावर दोन महिन्यांत दुसरी मिळवा, नाहीतर गाशा गुंडाळा. नोकरी काही मिळेना. एक बरं होतं, घरी बसून बसून कंटाळलेल्या आसावरीने आधीच कॅनडाच्या परीक्षा देऊन ठेवल्या होत्या. सस्कॅचेवान नावाच्या प्रांतातल्या एका छोट्या गावाने तिला बोलावलं होतं. दवाखाना होता, फिजिओथेरपिस्ट नव्हती. दुसरीकडे शंतनूचा मावसभाऊ टोरोंटोजवळ राहत होता. तो म्हणत होता, नोकरीचं नंतर बघू, आधी इकडे या.

आमच्या डायनिंग टेबलवर खल चालला. मी स्पष्ट सांगितलं, "टोरोंटो. तिथे मंडळ आहे, मराठी शाळा आहे, आजारी पडलात तर खिचडी आणून देणारं कोणीतरी आहे. त्या सस्कॅचेवानचं नाव घेता घेता दात पडतील. काहून जाता बर्फात मरायला?"

आईंनी केयाच्या टॅबवर नकाशा उघडला होता. चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या, "महाराष्ट्राच्या दुप्पट जमीन आहे बघ. आणि माणसं? बारा-साडेबारा लाख. अगं, आमच्या एकट्या सांगली जिल्ह्यात याच्या दुप्पट आहेत. इतकी वर्षं तिथली तरणी पोरं शेजारच्या प्रांतात पळत होती. आता बाहेरून माणसं येताहेत म्हणून आकडा वाढतोय. जिथे माणसं कमी तिथे माणसाची किंमत असते, आसावरी. टोरोंटोत तू कितवी? मोजतासुद्धा येणार नाही. त्या गावात तू पहिली. जा, बिनधास्त जा. तुला माणसं मिळतील. हा माझा शब्द."

"आई, तुमचा शब्द काय तिथे शेकोटी पेटवणार आहे?" मी म्हटलं.

पण आसावरीने शब्द घेतला. शंतनूने मान डोलावली आणि दोघं गेली.

उन्हाळाभर मजेत होती दोघं. पिवळी धमक मोहरीसारखी शेतं, रात्री दहापर्यंत उजेड, दवाखान्यात आसावरीला मान. शंतनूला धान्य साठवणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं. दिवस राहिल्याचा फोन आला तेव्हा आई पाटी न बघताच म्हणाल्या, "त्या गावाचा आकडा वाढला." मग थंडी आली, आणि फोनवरचा आवाज बदलला. जानेवारीत आम्ही व्हिडिओवर डोहाळजेवण केलं. या बाजूला मी, आई आणि ओटीचं ताट, त्या बाजूला आसावरी एकटी, हिरव्या साडीवर स्वेटर घालून. आरती संपली आणि ती ढसाढसा रडायला लागली. "काकू, इथे पाच वाजताच अंधार होतो हो. कामावरून घरी आले की माणसाचं तोंड दिसत नाही. माझ्या आईचा व्हिसा अजून आलेला नाही. माझ्या बाळाला इथे कोण आहे?"

मी आईंकडे बघितलं. म्हटलं आता तरी विरघळतील. कसचं काय! त्यांनी विचारलं, "तुझ्या रस्त्यावर घरं किती?"

"असतील आठ-दहा."

"कोण कोण राहतं?"

आसावरीला सांगता येईना.

"सहा महिने राहतेस आणि शेजारी कोण ते माहीत नाही? मग रडतेस कशाला, तू गेलीच नाहीस कोणाकडे. उद्यापासून तुला ड्यूटी. रोज एक घर. हातात काहीतरी खायचं घे, दार वाजव आणि विचार, घरात माणसं किती. लिहायचं नाही काही, नुसतं विचारायचं."

"काकू, लोक काय म्हणतील?"

"मला वाड्यावस्त्यांवर लोक काय म्हणायचे? आधी म्हणायचे, आली बाई. मग म्हणायचे, बसा बाई."

फोन ठेवल्यावर मी कडाडलेच. "पोटुशी पोर, बाहेर उणे तीस, आणि तुम्ही तिला दारोदार पाठवता? जनाची नाही तर मनाची तरी?" आई म्हणाल्या, "दारोदार नाही, शेजारी." आणि ताट आवरायला लागल्या. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना फरक पडला नाही, त्या माझ्याशी बोलत राहिल्या.

आसावरी गेली म्हणे काही घरी. शंकरपाळे घेऊन गेली. फार काही सांगितलं नाही तिने. मग मार्चच्या सुरुवातीला मुलगी झाली. फोटो आले, आम्ही नाचलो. आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. "काकू, शंतनूला टोरोंटोला जॉब मिळतोय. उन्हाळा लागला की आम्ही जातो. बारसं तिथेच करू. इथे पाळणा हलवायला बायका कुठून आणू?"

आईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "जा. पण बारसं तिथे कर, जिथे ती जन्मली. पाच बायका बोलाव. पाच आल्या नाहीत तर मीच सांगते, माझा शब्द खोटा पडला, चंबूगबाळं उचला आणि टोरोंटो गाठा. मी स्वतः फोन करीन शंतनूच्या मावसभावाला."

"आणि आल्या तर?"

"आल्या तर तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही."

आई काही बोलणार नाहीत! हे ऐकूनच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्यानंतर त्यांनी तो विषय घरात काढला नाही. पण रात्री जेवताना हात मध्येच थांबायचा. पोळी ताटात तशीच राहायची. स्वतःच्या हाताने एका पोरीला जगाच्या टोकाला धाडलं, आणि आता ती परतीची वाट धरतेय, हे त्यांना लागलं होतं.

एप्रिलमधला शनिवार ठरला. वेळ आईंनीच ठरवली. "सकाळी अकरा. जानेवारीत बघितलंय मी, त्यांचं आपलं घड्याळ एकच, सेंट्रल टाइम. काही गणित करायला नको." व्हॉट्सअ‍ॅपवर तसा निरोप बोलून टाकला. आसावरीने अंगठा पाठवला.

त्या दिवशी आई मोरपंखी साडी नेसून पावणेअकरालाच लॅपटॉपपुढे बसल्या. समोर समई, हळदीकुंकू, घुगऱ्यांची वाटी. मी केयाला गप्प बसवलं. अकरा वाजले. स्क्रीनवर आमचेच चेहरे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे, उशीर व्हायचाच." सव्वाअकराला त्यांनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. शंतनूला लावला, तर तो रेंजच्या बाहेर. परत आसावरीला लावला. उचलला नाही.

आईंचा चेहरा उतरत गेला. समईची वात उगाच सारखी करत बसल्या. म्हणाल्या, "आल्या नसतील गं बायका."

"येतील हो."

"नाही. अकरा वाजले, दारावर कोणी आलं नाही, आणि ती पोर लेकीला कुशीत घेऊन रडत बसली असेल. फोन तरी कोणत्या तोंडाने उचलेल?" मग एकदम माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते. "विनीता, मी कोण गं तिला सांगणारी? मी घरं मोजून संध्याकाळी परत येणारी बाई. तिला तिथे राहायचं होतं."

अकरा वर्षं झाली माझ्या लग्नाला. ही बाई कधीतरी 'माझं चुकलं' म्हणेल म्हणून मी देवाला नवस बोलायचीच बाकी होते. आणि आता म्हणाली, तर मला ते अजिबात सोसेना. मी म्हटलं, "आई, असं बोलू नका. बर्फाचं वादळ आलं असेल. थांबा, हवामान बघते." आणि फोनवर त्या गावाचं नाव टाकलं.

हवामान स्वच्छ होतं. वर घड्याळ दाखवत होतं, साडेदहा.

मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, साडेअकरा. परत फोनकडे बघितलं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "आई! मार्चमध्ये आपण घड्याळ तासभर पुढे केलं."

"मग? सगळेच करतात."

"ते नाही करत! सस्कॅचेवानवाले घड्याळ हलवतच नाहीत. जानेवारीत आपलं त्यांचं एक होतं, आता आपण तासभर पुढे आहोत. तिथे अकरा वाजायचेत अजून!"

आईंनी पदराने खसाखसा डोळे पुसले, नाक ओढलं, पाठ ताठ केली.

"अजिबात हलवत नाहीत?"

"नाही."

"शहाणी माणसं आहेत." समईत तेल घालत म्हणाल्या, "तसाही मुहूर्त मी तिथल्याच घड्याळाने धरला होता."

"हो का? मग आत्ता रडत कोण होतं?"

"समईचा धूर गेला डोळ्यात."

केया हसत सुटली. मीही हसले. चूक घड्याळाची निघाली, ठीक. बायका येणार की नाही हे कुठे कळलं होतं? तो अर्धा तास आम्ही तिघी स्क्रीनपुढून हललो नाही.

त्यांच्या अकराच्या जरा आधी स्क्रीन उघडली. आसावरी हिरव्या साडीत, केस ओलेच. "काकू, तुमचे इतके मिस्ड कॉल? मी हिला अंघोळ घालत होते. शंतनू शेजारच्या गावात फुलं आणायला गेला होता." तिच्यामागे खिडकीत बर्फ अजून ढिगाने पडलेला. खोलीत एक पाळणा, लाकडाचा, जुना, हाताने केलेला. बाकी कोणी नाही.

मग बेल वाजली.

पहिली आली ती दवाखान्यातली फिलिपिनो नर्स, दोन बहिणींना घेऊन, हातात शेवयांसारख्या कसल्यातरी पदार्थाची परात. पाठोपाठ पेट्रोल पंपावरची पंजाबी बाई, जिचा आवाज माइकशिवाय प्लेनोपर्यंत आला असता. गावच्या शाळेत शिकवणारी, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी क्री समाजाची एक बाई आली, तिने बाळासाठी स्वतः शिवलेली गोधडी आणली होती, मधोमध मोठ्ठा तारा. त्यांच्याकडे मूल झालं की देतात म्हणे. आणखी दोघीतिघी आल्या, त्यांची नावं मला कळली नाहीत. आई बोटांवर मोजत होत्या. पाचच्या पुढे गेल्या तेव्हा मोजणं चुकलं आणि त्यांनी नाद सोडला. सगळ्यांत शेवटी शेजारची ओल्गाबाई, ऐंशीच्या पुढची, मूळची युक्रेनकडच्या शेतकऱ्यांच्या घरातली. पाळणा तिचाच. आणि तिने दोन्ही हातांत धरून एक लांबट गुळगुळीत धोंडा आणला होता.

झालं असं होतं, बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात. आता वरवंटा कुठला तिथे? आसावरीने ओल्गाबाईंना विचारलं होतं, एखादा दगड आहे का, लांबट, गुळगुळीत. ओल्गाबाईंच्या नवऱ्याने शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग होता कोपऱ्यात. भर बर्फात खणून तिने त्यातला एक काढला, घासून धुतला, आणि बाळाला थंड लागू नये म्हणून वर लोकरीची टोपी घातली.

"टोपडंसुद्धा घातलंय!" आई ओरडल्या. "याला म्हणतात बाई!"

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. एरवीसारखाच खणखणीत आवाज. पण आधी, अर्थात, "आसावरी, विचार सगळ्यांना. घरात माणसं किती?"

आसावरी हसली. "काकू, हे मी त्यांना विचारलंय आधीच. म्हणून तर आल्या." तरी तिने विचारलं. नर्स म्हणाली, सात जण, आणि मुलं मनिलात आहेत, त्यांनाही धरा. पंजाबी बाई म्हणाली, पाच, दिवाळीपर्यंत सासू येतेय. क्री बाई म्हणाली, माझ्या घरात किती ते जेवायला बसल्यावरच कळतं. सगळ्या खदखदल्या. ओल्गाबाई म्हणाली, "वन."

हसू थांबलं. ती म्हणाली, चार मुलं याच पाळण्यात झोपली, चौघंही शेजारच्या प्रांतात, कॅल्गरीला गेली. या रस्त्यावर शेवटचं बाळ कधी रडलं ते तिला आठवत नव्हतं.

आई स्क्रीनच्या जवळ सरकल्या. "आसावरी, नाव कानात कोण सांगणार?"

"आत्या. पण शंतनूला बहीण नाही, काकू. म्हटलं तुम्हीच इथून सांगा."

"मी इथून कोणाच्या कानात सांगू, लॅपटॉपच्या? या ओल्गाबाई आत्या."

आसावरी खाली वाकून हळूच म्हणाली, "काकू, त्यांचे मिस्टर गेलेत. आमची आई म्हणेल..."

"माझेही गेलेत," आई म्हणाल्या. "पूजा सांगतेय ना मी? आणि त्यांना सांग, आत्या घरातली धरतात. त्यांचा आकडा चुकलाय."

आसावरीने ते इंग्लिशमध्ये सांगितलं. ओल्गाबाई नुसती मान डोलावत राहिली. मग नर्स पाळण्याच्या एका बाजूला, पंजाबी बाई दुसऱ्या बाजूला. आधी टोपीवाला धोंडा गेला, मग बाळ, खालून वर, वरून खाली. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या," असं आई म्हणायच्या आणि त्या बायका ते असं काही म्हणायच्या की देवालाही हसू आलं असेल. शेवटी ओल्गाबाई वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र... रुही." बाकीच्यांनी तिच्या पाठीवर धपाटे घालायचे असतात हे आईंनी सांगितलं तेव्हा सगळ्या घाबरल्या, म्हातारीला मारायचं कसं! मग प्रत्येकीने हलकेच हात ठेवला, आणि ते हात बराच वेळ तिथेच राहिले. ओल्गाबाई रडत होती. आसावरी रडत होती. मी तर हुंदकेच देत होते. एकट्या आई रडल्या नाहीत. त्यांचा कोटा साडेअकरालाच संपला होता.

टोरोंटोचं त्या दिवशी कोणी काढलं नाही. आईंनीही नाही, शब्दाला जागल्या. मे उजाडला, तरी नाही. रुहीचे फोटो यायचे, शेजारणींच्या मांडीवरचे, पण जाणार की राहणार याचा पत्ता नाही. मी म्हटलं, "विचारा की एकदा." आई म्हणाल्या, "तिचं तिने ठरवायचं." आणि फ्रिस्कोच्या पाटीपाशी गप्प बसल्या. मला ती शांतता सहन होईना.

मग परवा, मेथी निवडत बसलो होतो, फोन वाजला. आसावरी. आईंनी स्पीकरवर टाकला.

"काकू, पुढच्या महिन्यात तुमचा एखादा शनिवार मोकळा आहे का?"

"कशाला गं?" आईंचा आवाज बारीक झाला होता. "निघायची पूजा घालायची?"

"निघायची नाही हो. वास्तुशांत. राहतो तेच घर घेतलं आम्ही."

आईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. या घरात आल्यापासून त्यांना शब्द सापडत नाही असं मी पहिल्यांदा बघत होते. पलीकडून आसावरी "काकू? हॅलो? काकू?" करत होती. शेवटी आईंनी पदर डोळ्यांना लावला, घसा खाकरला आणि दरडावून म्हणाल्या, "सकाळी दहाला ठेवू. पण दहा कोणाच्या घड्याळाने, ते आधी नीट सांग. मागच्यासारखा घोळ नको."

"आमच्या, काकू," आसावरी म्हणाली. "आमच्या इथल्या."